दहा अंश आधी

प्रीमियर पद्मिनीचे बोनेट उघडले की पहिल्यांदा जाणवते ती मोकळी जागा. इंजिनाभोवती हात फिरतो, पाना फिरतो, काय कुठे जोडले आहे ते डोळ्यांना कळते. त्यात एक काळी टोपी दिसते. तिच्यातून पाच जाड वायरी निघतात. मधली कॉइलकडे जाते, उरलेल्या चार चार प्लगांकडे. टोपीखाली असतो डिस्ट्रिब्यूटर. तो जागच्या जागी किंचित फिरवायचा आणि इंजिनाचे इग्निशन टायमिंग लावायचे. हत्यारे म्हणाल तर पाना, स्क्रूड्रायव्हर, फीलर गेज आणि दोन वायरी जोडलेला 12 व्होल्टचा बल्ब. जाणत्या मिस्त्रीच्या हाताला हे काम अर्ध्या तासाचेही नाही. पण त्याचा एकेक टप्पा थांबून पाहावा. इतक्या थोड्या साधनांत इतका विचार भरलेली कामे फार नाहीत.

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट 1100 कुर्ल्यात बांधली आणि तीच सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. चार सिलिंडर, 68 मिलिमीटरचा बोअर, 75 मिलिमीटरचा स्ट्रोक, 1089 सीसी. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून तिने जे काबाडकष्ट उपसले ते साऱ्या शहराने पाहिले. अशी शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती सेवेतून गेली. या सगळ्या काळात तिचे टायमिंग गॅरेजइतकेच फुटपाथवरही लागत राहिले. पुस्तक न उघडता, दिवसाच्या उजेडात, पुढच्या भाड्याआधी गाडी हातावेगळी करायची या घाईतही ते बरोबर लागे, यातच त्या रचनेची थोरवी दिसते.

ही रचना समजायला सुरुवात ‘आधी’ या गोष्टीपासून करावी लागते. पिस्टन वर येऊन मिश्रण दाबतो, ठिणगी पडते, पिस्टन खाली ढकलला जातो, असे शाळेत शिकलेले असते. त्यामुळे पिस्टन अगदी वर पोहोचला की ठिणगी पडत असणार, असा समज होतो. प्रत्यक्षात ती आधीच पडते. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण एका क्षणात जळून जात नाही. प्लगच्या टोकाशी ज्वाळा जन्मते, पसरत पसरत सिलिंडरच्या भिंतीकडे जाते आणि दाब शिगेला पोहोचायला दोनएक मिलिसेकंद जातात. हा दाब शिगेला पोहोचायला हवा तो पिस्टनने वरचे टोक ओलांडल्यावर, क्रँक पंधराएक अंश पुढे गेल्यावर. लहान मुलाला झोका देणाऱ्याला हे न शिकवता कळते: झोका परतीला लागला की हात लावायचा, आधी लावला तर आपल्याच हाताला हिसका, उशिरा लावला तर जोर वाया. आता हिशेब पाहा. 3000 आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात 18 अंश फिरतो, दोन मिलिसेकंदांत 36. म्हणजे धक्का योग्य जागी बसायचा तर ठिणगी वरच्या टोकाच्या वीस-पंचवीस अंश आधी पडलेली हवी. आणि चार सिलिंडरांच्या इंजिनात त्या वेगाला सेकंदाला अशा शंभर ठिणग्या. घड्याळ बाजूला ठेवून वेळ अंशांत मोजायची, ही कल्पनाच किती मोहक आहे! वेळ अंशांत आली म्हणजे ती हाताने फिरवता येते.

ही ठिणगी पाडण्याची रीत चार्ल्स केटरिंग यांची. 1910 च्या कॅडिलॅकमध्ये ती आली आणि पुढची सहासात दशके जगभरच्या बहुतेक मोटारी तिच्यावर चालल्या. बॅटरीच्या 12 व्होल्टांनी प्लगच्या फटीत ठिणगी उडणे शक्यच नाही. म्हणून कॉइलमध्ये एकाच लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी: एक जाड तारेचे, थोड्या वेढ्यांचे, दुसरे केसासारख्या तारेचे, हजारो वेढ्यांचे. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट मिटलेले असतात तोवर जाड वेटोळ्यातून प्रवाह वाहतो आणि गाभ्यात चुंबकीय क्षेत्र साठत जाते. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते आणि बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्ट उसळतात. प्रवाह सुरू होताना काहीच घडत नाही. जे घडते ते तो तुटताना. हे तुटणे स्वच्छ व्हावे म्हणून पॉइंटांना समांतर एक इवलासा कंडेन्सर जोडलेला असतो. उघडणाऱ्या पॉइंटांमधून वीज उडी मारू पाहते, तो उसळलेला भार कंडेन्सर स्वतःत घेतो. तो निकामी झाला की ठिणग्या पॉइंटांवरच उडू लागतात आणि प्लगला मिळते ती पिवळट, मरगळलेली ठिणगी. बोटाच्या पेराएवढ्या त्या डबीवर निळ्या, कडक ठिणगीची सारी भिस्त आहे.

टायमिंग लावणे म्हणजे पॉइंट उघडण्याचा क्षण ठरवणे, हे कळले की कामाचा क्रम आपोआप उलगडतो. जाणता मिस्त्री डिस्ट्रिब्यूटर फिरवायला आधी हात लावत नाही. तो टोपी काढतो, आतला फिरता रोटर उचलतो आणि पॉइंट पाहतो. टंगस्टनच्या त्या दोन टिकल्यांपैकी एकीवर कालांतराने खड्डा पडतो आणि दुसरीवर तेवढाच उंचवटा चढतो. फीलर गेजचे पान सपाट असते, ते उंचवट्यावर टेकते. वाचन बरोबर आल्यासारखे वाटते आणि खरी फट मात्र जास्त असते. म्हणून आधी टिकल्या घासून सपाट करायच्या, आणि तेही बारीक दगडाने, कारण एमरी पेपरचे कण टिकलीत रुतून बसतात. मग शाफ्ट फिरवून पॉइंटांची टाच त्यांना उघडणाऱ्या कॅमच्या उंच टोकावर आणायची आणि फट लावायची, अर्ध्या मिलिमीटरला थोडी कमी. पान ओढताना ते अडकायलाही नको आणि सैल सरकायलाही नको. बोटांना तेलकट ओढ जाणवली की फट बसली. हे आधी का? फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे सरकते. फट कमी झाली की मागे. आधी टायमिंग लावून नंतर फटीला हात लावणाऱ्याचे पहिले काम फुकट जाते. कॅमवर घासणारी टाच झिजते तसतशी फट मिटत जाते आणि टायमिंग आपोआप रिटार्ड होत, म्हणजे मागे पडत राहते, म्हणून शेवटी कॅमवर ग्रीसचा एक पुसट हात. हा पुसट हात महिनोन् महिने अंश-अर्धा अंश राखून ठेवतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या बोटाला ग्रीस नेमके तेवढेच लागते.

दुसरा टप्पा पहिल्या सिलिंडरचा. चार फटक्यांच्या चक्रात पिस्टन दोनदा वर येतो, एकदा मिश्रण दाबत आणि एकदा जळका वायू बाहेर ढकलत. पुलीवरची खूण दोन्ही वेळा तीच जागा दाखवते. ठिणगी हवी ती पहिल्या खेपेला. मिस्त्री प्लग काढून ठेवतो, त्यामुळे इंजिन हलके फिरते, आणि रेडिएटरकडच्या पहिल्या भोकावर अंगठा धरतो. पुढून पोऱ्या इंजिन फिरवतो. ‘हळू… अजून… येऊ दे… बास!’ अंगठ्याखाली हवा फुसफुसत दाबून बाहेर येऊ लागली की समजायचे, हाच तो फटका. खुणा जुळवायच्या त्या इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनेच. खूण चुकून पुढे गेली तर पोऱ्याला तेवढेच मागे घ्यायला तो सांगत नाही. चांगले चतकोर फेरीभर मागे नेऊन पुन्हा पुढे आणायला लावतो, कारण चेनमध्ये आणि दातांमध्ये जी ढिलाई असते ती एकाच बाजूला ओढलेली राहायला हवी. पद्मिनीच्या घराण्यात ही स्थिर खूण वरच्या टोकाआधी दहा अंशांच्या आसपास. पुलीच्या कडेवर हे अंतर बोटाच्या पेराएवढेही भरत नाही. पण ते कोणत्या बाजूने गाठले याला जपणारा हात पाहिला की अचूकपणा कशाला म्हणतात ते कळते.

आता बल्ब. त्याची एक वायर डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूच्या टर्मिनलला, दुसरी इंजिनाच्या अंगाला, म्हणजे अर्थला. इग्निशन चालू. पॉइंट मिटलेले असतील तर वीज त्यांच्यातूनच अर्थला जाते, बल्बच्या वाट्याला काही येत नाही, तो विझलेला. पॉइंट उघडले की तिला बल्बखेरीज वाट उरत नाही, तो पेटतो. म्हणजे डोळ्याला कधीच न दिसणारा क्षण या साध्या बल्बात दिसू लागतो. मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट अर्धा आटा सैल करतो, रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने डिस्ट्रिब्यूटरचे अंग थोडे फिरवतो, बल्ब विझतो. मग तो उलट दिशेने आणायचा, सावकाश. याच वेळी त्याच्या डाव्या हाताचे एक बोट रोटरवर असते, रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेने हलका दाब देत. शेजारी उभे राहणाऱ्याच्या नजरेतून ते बोट हमखास सुटते. इंजिन चालू असताना शाफ्टवर जसा ताण असतो तसाच ताण ते बोट थांबलेल्या इंजिनात निर्माण करते. डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे क्रँकचा एक अंश म्हणजे त्याच्या अंगावर साधारण पाव मिलिमीटर. मनगट हलत नाही, हलते फक्त बोटांची पकड. बल्ब उजळला की तिथेच थांबायचे, बोल्ट आवळायचा आणि पुन्हा तपासायचे, कारण आवळतानाही अंग कणभर सरकते. हे पुन्हा तपासणे जो विसरत नाही तो खरा उस्ताद.

इथवर जो लागला तो एक स्थिर बिंदू. पण इंजिन 800 वरही चालते आणि 4000 वरही. वेग वाढला की तेवढ्याच वेळात क्रँक जास्त फिरतो, म्हणून ठिणगी आणखी आधी हवी. याची सोय पॉइंटांच्या प्लेटखाली दडलेली असते: दोन वजने आणि दोन स्प्रिंगा. शाफ्ट वेगाने फिरू लागला की वजने बाहेर फेकली जातात आणि कॅमला शाफ्टच्या पुढे ढकलतात. वेग उतरला की स्प्रिंगा त्यांना परत ओढतात. आता त्या स्प्रिंगा नीट पाहा. पुष्कळ डिस्ट्रिब्यूटरांत त्या जुळ्या नसतात. एक बारीक असते, पहिल्यापासून ताणलेली. दुसरी जाड, आणि तिचा फासा मुद्दाम लांबट, म्हणजे सुरुवातीला ती नुसती लटकत राहते. कमी वेगात एकटी बारीक स्प्रिंग विरोध करते, टायमिंग झपाट्याने पुढे जाते; मधल्या वेगात जाड स्प्रिंग ताणात येते आणि चढण मंदावते; शेवटी वजने अडसराला टेकतात आणि वाढ थांबते. ज्वाळेची गरजही अशीच वाढते: वेगाबरोबर सिलिंडरमधली घुसळण वाढते, ज्वाळा स्वतःच जलद पसरू लागते, आणि आधी पेटवण्याची गरज पूर्वीसारखी वाढत नाही. ज्वाळेचा हा स्वभाव कोणीतरी अभ्यासला आणि एका लांबट फाशात उतरवला. गणिताचे इतके सुंदर रूप तारेच्या दुसऱ्या कुठल्या तुकड्यात पाहायला मिळेल?

या यंत्रणेची तब्येत बल्ब सांगू शकत नाही. त्याला चालते इंजिन कळत नाही. त्यासाठी टायमिंग लाइट. तिची चिमटी पहिल्या प्लगच्या वायरीला लावली की प्रत्येक ठिणगीबरोबर दिवा एकदा लखकन चमकतो, आणि गरगर फिरणारी पुली त्या उजेडात स्तब्ध दिसते. पांढरा खडू फिरवून ठळक केलेली खूण आपल्या जागी उभी. डिस्ट्रिब्यूटरला व्हॅक्यूमची डबी असेल तर तिची नळी आधी काढून बंद करायची, नाहीतर वाचन फसवे येते. मग ॲक्सिलरेटर हळूहळू ओढायचा. खूण संथपणे सरकत गेली आणि सोडताच घरी परतली तर वजने, स्प्रिंगा निरोगी. मध्येच अडकली तर वजनांच्या पिना सुकलेल्या. खूण एका जागी न ठरता थरथरत राहिली तर डिस्ट्रिब्यूटरचे बुश झिजलेले; शाफ्ट डुलतो आहे, प्रत्येक सिलिंडरची ठिणगी वेगळ्या अंशाला पडते आहे, आणि मग कितीही लावले तरी टायमिंग लागणार नाही. खडूच्या एका रेघेच्या चालीवरून आतल्या झिजेचे निदान करणारी नजर वैद्याला शोभावी अशी असते.

तरीही शेवटचा निवाडा रस्त्यावर होतो. छापील आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठी आणि नव्या इंजिनासाठी असतो. 2000 साली देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले, पुढे इथेनॉलचे मिश्रण वाढत गेले. इंजिनातही कार्बन साठतो, कॉम्प्रेशन बदलते. म्हणून इंजिन चांगले गरम झाल्यावर गाडी टॉप गिअरमध्ये चाळीसवर आणायची आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. ठिणगी फार आधी पडत असेल तर ज्वाळा पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले मिश्रण दाबाने आपोआप पेटते आणि धातूची किणकिण ऐकू येते. हेच नॉकिंग. फार उशिरा पडत असेल तर गाडी ओढत नाही, तापते, पेट्रोल जास्त पिते, आणि तक्रार मात्र करत नाही. म्हणून रिटार्ड टायमिंग ओळखायला अधिक तयार कान लागतो. जुन्यांचे माप असे: दाबताच किणकिण पुसट यावी आणि वेग धरताच विरावी. टॅक्सीवाल्यांची परीक्षा याहून कडक. चार सवारी, कॅरिअरवर सामान, आणि पेडर रोडचा चढ. पुढे टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा कानाचे काम दुप्पट झाले. सीएनजी सावकाश जळतो, त्याला जास्त ॲडव्हान्स, म्हणजे आणखी आधीची ठिणगी लागते आणि तो नॉकिंगला सहज दाद देत नाही, पेट्रोलचे उलटे. एकाच डिस्ट्रिब्यूटरवर दोन्ही इंधने सांभाळायची तर मिस्त्री सीएनजीकडे थोडे झुकते माप देई, पण पेट्रोलवर चढ चढताना किणकिणणार नाही इतपतच. एका-दोन अंशांच्या त्या पट्ट्यात दोन्ही इंधनांना न्याय देणारी जागा कानाने शोधणे, ही या कलेची सर्वांत अवघड हरकत आणि मुंबईने ती रोज ऐकली.

आणखी एक परीक्षा हँडलची. टायमिंग फार पुढे असेल तर हँडल मारताना इंजिन उलटा हिसका देते आणि मनगट दुखावते. म्हणून जुने ड्रायव्हर हँडल धरताना अंगठा दांड्याभोवती गुंडाळत नसत; चार बोटांच्याच बाजूला ठेवत आणि दांडा खालून वर ओढत. हिसका बसलाच तर हँडल बोटांतून सुटून जाई. अंश चुकला तर त्याची किंमत कोणाच्या हाताला मोजावी लागेल हे ठाऊक असलेला मिस्त्री बोल्ट आवळण्यापूर्वी आणखी एकदा बल्बकडे पाही.

आजच्या गाड्यांत हेच सगळे निर्णय सेन्सर आणि संगणक घेतात: क्रँक कुठे आहे, वेग किती, नॉकिंग होते आहे का. ते अचूक घेतात, आणि त्यात वावगे काही नाही. पद्मिनीतही पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवणारे आहेत. टिकल्यांची आणि टाचेची झीज त्याने संपते, पण डिस्ट्रिब्यूटर फिरवून टायमिंग लावणे काही सुटत नाही. माझे मत विचाराल तर टायमिंगचे पहिले आठ अंश पुस्तकाचे, उरलेले दोन हाताचे आणि कानाचे. आणि गाडी चांगली आहे की नुसती चालते आहे, हे त्या दोनांवर ठरते. तुमच्या दारात पद्मिनी असेल तर टायमिंगसाठी ती गॅरेजवर सोडून परत येऊ नका. मिस्त्रीच्या शेजारी उभे राहा, बल्ब तुम्ही धरा, रोटरवरचे बोट पाहा आणि चढावर कान उघडे ठेवा. हे काम पुस्तकावरून समजते, येते मात्र शेजारी उभे राहूनच; आणि शिकवणारे जुने हात अजून आहेत तोवरच ते शिकून घ्यायला हवे.